घरी हेड गॅस्केट बदलले. सातव्या बोल्टला ‘टक्’ असा आवाज आला आणि आता कूलंट पाझरते आहे

पानापेटी

इंजिन चार सिलिंडरांचे, 1.4 लिटरचे, पेट्रोलवर चालणारे आहे. ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) बिडाचा, हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) ॲल्युमिनियमचे, आणि इंजिन बॉनेटखाली आडवे बसवलेले असल्यामुळे एक्झॉस्टची बाजू मागे, केबिनच्या भिंतीकडे येते. काही महिन्यांपासून कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी दर आठवड्याला बोटभर उतरत होती, पण गाडीखाली कधी एक थेंबही दिसला नाही. थंड इंजिन सुरू केले की सायलेन्सरमधून पांढरा धूर येई आणि कूलंटच्या टाकीत बारीक बुडबुडे उठत. टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची रासायनिक चाचणी केली, तेव्हा द्रव दोन-तीन मिनिटांत पिवळा पडला. म्हणजे ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत होता आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर, गेले होते, याबद्दल शंका उरली नाही.

हे काम मी स्वतः करायचे ठरवले, कारण टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप यापूर्वी घरीच बदललेला होता आणि दुरुस्ती-पुस्तिका हाताशी होती. हेडचे दहा बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, कडेकडून मध्याकडे अशा क्रमाने सैल केले. हेड उचलल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट काळे पडून फाटलेले स्पष्ट दिसले. जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढले, पॉलिशपेपर कुठेही वापरला नाही. सरळ पट्टी आणि फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) घेऊन हेड आणि ब्लॉक दोन्ही सहा-सहा दिशांनी तपासले, 0.05 मिलिमीटरचे पाते कुठेच आत गेले नाही. गॅस्केट नवे घेतले, दहाही बोल्ट नवे घेतले.

पुस्तिकेप्रमाणे बोल्ट तीन टप्प्यांत आवळायचे होते: आधी 40 न्यूटन-मीटर, मग 90 अंश आणि पुन्हा 90 अंश, मध्यापासून कडेकडे. पहिला टप्पा सुरळीत झाला. दुसऱ्या टप्प्यात सहा बोल्टपर्यंत पान्याला येणारा जोर सारखा वाटत होता. सातवा बोल्ट मागच्या रांगेत टोकाकडे आहे, आणि तो सुरुवातीपासूनच कडक लागला. साठेक अंशांवर तो जवळजवळ अडला. मी जोर वाढवला, तेव्हा ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज झाला आणि उरलेले तीस अंश पाना सहज फिरला. बोल्ट तुटला असावा असे वाटून मी थांबलो, पण तो मोकळा फिरत नव्हता, धरून होता. वॉशर नीट बसला असेल अशी मनाची समजूत घातली आणि पुढचे बोल्ट आवळले. त्या क्षणी मी थांबून तो बोल्ट बाहेर काढायला हवा होता, हे आता मला पुरते कळते.

बेल्ट चढवून खुणा जुळवल्या, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा तपासल्या, कूलंट भरून हवा काढली. इंजिन पहिल्याच स्टार्टला सुरू झाले, वीस मिनिटे शांतपणे चालले, पंखा वेळेवर लागला. धूर नाही, बुडबुडे नाहीत. दुसऱ्या दिवशी पातळी दोन बोटे खाली होती. तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ थर होता आणि डिपस्टिकवरचे (तेलाची पातळी पाहायच्या पट्टीवरचे) तेलही फिकट, मातकट झाले होते. हाताचा आरसा घालून मागून पाहिले, तेव्हा गॅस्केटच्या रेषेपासून सुमारे दोन सेंटिमीटर खाली, ब्लॉकच्या अंगावर ओल दिसली. ती गॅस्केटमधून ओघळते आहे की बिडातूनच बाहेर येते आहे, हे मला ठरवता येत नाही. पुढे काय तपासावे?

फिरता पट्टा

पहिली विनंती ही, की इंजिन आता एकदाही सुरू करू नका; स्टार्टरवरसुद्धा फिरवू नका. कूलंटमधले ग्लायकोल तेलात मिसळले की बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तरंगणारा तेलाचा पातळ थर तुटतो आणि बेअरिंगची मऊ धातूची लेप-पट्टी खरवडली जाते. गॅस्केटचे नुकसान भरून काढता येते. क्रँकवर ओरखडे उठले की काम दुप्पट होते.

तेल आजच काढा, आणि ते एका झटक्यात सोडू नका. गाडी रात्रभर उभी राहिली असेल तर कूलंट जड असल्यामुळे इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाशी बसलेले असते. तेल सोडायचा तळाचा नट हळूहळू सैल केला की आधी तेच बाहेर येते, आणि ते किती आले यावरून गळती किरकोळ आहे की मोठी याचा अंदाज बांधता येतो. एक सावधगिरी माझ्या मते अनेकजण घेत नाहीत म्हणून मुद्दाम लिहितो: काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. जनावरे ते चाटतात.

झाकणाखालच्या दुधाळ थरावरून मात्र एकट्याने निष्कर्ष काढू नये. थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापले नाही, तर दमटपणामुळेही तिथे तसाच थर जमतो. तुमच्या बाबतीत डिपस्टिकवरचे तेलही मातकट आहे आणि कूलंटही कमी झाले आहे, म्हणून शंका राहत नाही.

निळी ज्योत

गॅस्केट उलटे बसले असण्याची शक्यता तपासली का? काही गॅस्केट दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसतात, पण उलटी बसली की एखादा पाण्याचा किंवा तेलाचा मार्ग अर्धवट झाकला जातो. दुसरे, हेड खाली ठेवताना ते जागेवरून सरकले तर दुमडलेली कड किंवा ओरखडा राहतो, आणि पत्र्याच्या थरांच्या गॅस्केटला एवढेही पुरते.

आणखी एक. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजण्याचा मोह होईल, पण वर दिलेला सल्ला योग्य आहे, त्यासाठी इंजिन फिरवू नका. त्याऐवजी हातपंपाने कूलंटच्या यंत्रणेत साधारण 1 बार दाब भरा, थंड इंजिनावर, आणि काटा पाहत बसा. ओल कोणत्या जागी ताजी होते ते आरशात दिसेल.

पानापेटी

तेल काढले. नट सैल करताच आधी हिरवट कूलंट आले, मोजपात्रात सुमारे 300 मिलिलिटर भरले, आणि त्यामागून दुधाळ तेल. गॅस्केटवर वरच्या बाजूची खूण आहे आणि ती वरच होती. बसवण्याआधी मी छायाचित्र काढले होते, त्यातही ती दिसते. हेड दोघांनी मिळून मार्गदर्शक पिनांवर सरळ खाली ठेवले, सरकवले नाही.

दाबाची चाचणीही केली. 1 बार भरला, दहा मिनिटांत काटा 0.6 वर आला. आरशातून टॉर्च मारून पाहत होतो. गॅस्केटची रेषा शेवटपर्यंत कोरडी राहिली. तिच्या खाली, ब्लॉकच्या अंगावर, केसासारखी एक उभी रेघ हळूहळू ओली झाली आणि तिच्या खालच्या टोकाला थेंब धरला. मग व्हॉल्व्ह कव्हर काढून पुन्हा दाब भरला. हेडचे बोल्ट या इंजिनात कव्हरच्या आतच येतात. नऊ बोल्टांची डोकी कोरडी होती. सातव्याच्या वॉशरभोवती हिरव्या कूलंटचे वर्तुळ उमटले आणि तिथून ते तेलाच्या परतीच्या भोकाकडे वाहू लागले.

लेथवाला

तुम्ही दिलेल्या शेवटच्या दोन निरीक्षणांवरून मला कारण जवळपास निश्चित वाटते, परंतु आधी तीन प्रश्न. हेड उचलण्यापूर्वी तुम्ही फक्त रेडिएटरचा नळ उघडला होता, की ब्लॉकचा स्वतंत्र ड्रेन प्लगही काढला होता? हेड उचलताना गाडीचा पुढचा भाग स्टँडवर होता का? आणि बोल्ट बसवण्याआधी ब्लॉकमधली दहा भोके आतून, अगदी तळापर्यंत कोरडी केली होती का?

विचारण्याचे कारण सांगतो. तुमच्या ब्लॉकमध्ये हेडच्या बोल्टची भोके आरपार नसतील, ती तळाला बंद असतील. अशा भोकात द्रव साचलेला असेल आणि वरून बोल्ट पिळत गेलो, तर तो बोल्ट बोल्ट राहत नाही, तो पिस्टन होतो. द्रव दबत नाही. आट्यांच्या फटीतून तो थोडा-थोडा वर निसटतो, पण पान्याच्या वेगाच्या मानाने फार हळू.

आकडे मांडले की गोष्ट नजरेसमोर येते. बोल्ट 10 मिलिमीटर व्यासाचा आणि आट्यांचा टप्पा 1.5 मिलिमीटर धरा. दोन वेळा 90 अंश म्हणजे अर्धा फेरा, म्हणजे बोल्टचे टोक 0.75 मिलिमीटर खाली जाते. दहा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस मिलिमीटर असते. गुणाकार केला तर साठेक घन मिलिमीटर, म्हणजे 0.06 मिलिलिटर होतात. तो पाण्याचा साधारण एक थेंब झाला. बोल्टखालची जागा आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर त्या एका थेंबाला जायला वाट नसते.

आता दाब पाहा. 40 न्यूटन-मीटरला अशा बोल्टमध्ये ढोबळमानाने 20 किलोन्यूटन बल तयार होते. ते सगळे द्रवावर आले असे धरले तर 250 मेगापास्कल, म्हणजे 2500 बार होतात. निसटणाऱ्या द्रवामुळे प्रत्यक्ष दाब याहून कमी असतो, पण कोनाच्या टप्प्यात बल आणखी वाढत जाते हेही धरायला हवे. करड्या बिडाची ताण सोसण्याची शक्ती साधारण 200 ते 250 मेगापास्कल असते. बीड दाब उत्तम सोसते, ताणाला मात्र ते दुबळे असते, आणि भोकातला द्रव भिंतीला बाहेर ढकलून नेमका ताणच देतो. भोक आणि पाण्याची पोकळी यांच्यामधली भिंत काही मिलिमीटरांचीच असते.

तुम्ही ऐकलेला ‘टक्’ वॉशरचा नव्हता, असे माझे मत आहे. भिंत फुटली, दाब एकदम सुटला, म्हणून पुढचे तीस अंश सोपे गेले. आता पाण्याच्या पोकळीतून कूलंट तड्यावाटे भोकात येते, आट्यांमधून बोल्टच्या दांड्याभोवती वर चढते आणि वॉशरखालून तेलात उतरते. तडा बाहेरच्या अंगालाही पोहोचल्यामुळे मागे ओल दिसते. तुमचे गॅस्केट बहुधा पूर्णपणे निर्दोष आहे.

पानापेटी

तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो, आणि ती देताना मला फार वाईट वाटते आहे, कारण मी गॅस्केटच्या पृष्ठभागासाठी दोन दिवस खर्च केले आणि भोकांसाठी पाच मिनिटेही दिली नाहीत.

ब्लॉकचा ड्रेन प्लग काढला नव्हता. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या मागे आहे, गंजलेला होता, आणि रेडिएटर रिकामा झाला म्हणजे पुरे असे मी समजलो. हेड उचलले तेव्हा ब्लॉकच्या पोकळीतले कूलंट वर उसळून पृष्ठभागावर पसरले. गाडीचा पुढचा भाग स्टँडवर होता, त्यामुळे ब्लॉक मागे झुकलेला होता आणि ते सगळे मागच्या रांगेकडे वाहत गेले. पृष्ठभाग मी कापडाने, मग स्पिरिटने स्वच्छ पुसला. भोकांच्या तोंडाशी कापडाचे टोक फिरवले. आत पाहिले नाही.

शिवाय पुस्तिकेत आट्यांना हलके तेल लावावे असे लिहिले होते. मी बोल्ट तेलाच्या डबीत बुडवून, थेंब गळत असतानाच घातले. म्हणजे ज्या भोकात आधीच कूलंट होते त्यात मी वरून तेल भरले.

सातव्याचा पहिल्या टप्प्यातला क्लिकही (ठरवलेला जोर आला की टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, देतो तो आवाज) लवकर आला होता का, हे आठवून पाहिले. होय. इतर बोल्ट हाताने टेकल्यानंतर बराच फिरून क्लिक देत होते. हा थोडासा फिरल्याबरोबर बोलला. मला ते चांगले लक्षण वाटले होते.

मोजपट्टी

लवकर आलेल्या क्लिकबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण टॉर्क रेंच काय मोजतो याविषयीचा गैरसमज अनुभवी लोकांतही आढळतो.

आपल्याला हवा असतो तो बोल्टमधला ताण, ज्याने हेड आणि ब्लॉक एकमेकांवर दाबून धरले जातात. रेंच तो ताण मोजतच नाही. तो फक्त फिरवायला लागणारा विरोध मोजतो. कोरड्या किंवा हलके तेल लावलेल्या सामान्य बोल्टमध्ये त्या विरोधाचा सुमारे निम्मा भाग डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि उरलेला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणायला मिळतो. आट्यांत गंज, कचरा किंवा जुना सीलंट असेल तर घर्षण वाढते आणि ताण अपुरा असतानाच क्लिक येतो. तेल जास्त असेल तर घर्षण घटते आणि त्याच क्लिकला ताण ठरल्यापेक्षा जास्त होतो. भोकात द्रव असेल, तर रेंच त्या द्रवाचा विरोधही प्रामाणिकपणे मोजतो आणि क्लिक देतो, जरी हेड पुरेसे दाबले गेलेले नसले तरी.

याच कारणासाठी हेडच्या बोल्टला कोनाचा टप्पा दिलेला असतो. 40 न्यूटन-मीटरपर्यंत फक्त सगळे बोल्ट सारखे टेकवून घ्यायचे. त्यानंतरचा कोन घर्षणावर अवलंबून राहत नाही. आट्यांचा टप्पा ठरलेला आहे, म्हणून ठरलेल्या कोनाला बोल्ट ठरलेलाच ताणला जातो. दुसऱ्या 90 अंशांत तो लवचीकपणाची मर्यादा किंचित ओलांडतो आणि कायमचा थोडा लांबतो. म्हणूनच असे बोल्ट पुन्हा वापरत नाहीत. 10.9 दर्जाचा दहा मिलिमीटरचा बोल्ट त्या अवस्थेत 50 किलोन्यूटनच्या आसपास धरतो. दहा बोल्ट मिळून साधारण पन्नास टन वजनाइतका दाब होतो.

परंतु कोनाच्या टप्प्यात रेंच क्लिक देऊन थांबवत नाही. तिथे हातच साक्षीदार असतो. जोर सर्व बोल्टांना सारखा वाढत गेला पाहिजे आणि शेवटी-शेवटी जवळपास स्थिरावला पाहिजे. एखादा बोल्ट वेगळा लागला, मग तो कडक असो वा सैल, तर तिथेच थांबून उलट क्रमाने सगळे मोकळे करावेत. गॅस्केट वाया जाते, नवे घ्यावे लागते, तरीही.

निळी ज्योत

माझा अंदाज चुकला, हे मान्य करतो. कोरडी राहिलेली गॅस्केटची रेषा हा निर्णायक पुरावा आहे.

एक विचारायचे आहे. गळती फार मोठी नाही. कूलंटमध्ये ओतायचे गळतीरोधक द्रव्य अशा तड्याला चालेल का? जुन्या गाडीत पूर्ण इंजिन उतरवण्यापेक्षा तो मार्ग सोपा पडेल.

लेथवाला

या ठिकाणी मुळीच नाही, आणि हे मी ठामपणे सांगतो. अशा अनेक द्रव्यांत सोडियम सिलिकेट असते. ते गरम जागी पाणी उडून घट्ट होते. ज्वलनकक्षाच्या कडेची बारीक गळती त्याने काही काळ थांबू शकते. इथे तडा बोल्टच्या भोकात आहे, आणि तो बोल्ट पन्नास किलोन्यूटनने त्याच भिंतीचे आटे वर खेचतो आहे. इंजिन तापले की ॲल्युमिनियमचे हेड बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, म्हणजे बोल्टवरचा ताण प्रत्येक फेरीत वाढतो आणि उतरतो. भिंतीतला तडा त्या प्रत्येक फेरीत उघडतो. कोणतेही द्रव्य त्याला धरून ठेवू शकत नाही, उलट हीटरच्या बारीक नळ्या मात्र बुजतात.

फिरता पट्टा

यात भर घालतो. पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासला नाही हे धागालेखकाने फार योग्य केले. मी एकदा फिरत्या अपघर्षक चकतीने ब्लॉकचा पृष्ठभाग चकचकीत केला होता. त्या चकतीतली ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी तेलाच्या मार्गांत राहिली, आणि काही दिवसांतच मोठ्या बेअरिंगांचा ठोका ऐकू यायला लागला. चेंबर उघडला तेव्हा बेअरिंगच्या तुकड्यांवर बोटाला लागेल असे खोल चरे होते. तो कण तेलाच्या फिल्टरमधून जातो का, याची चर्चा मी नंतर पुष्कळ केली, पण जे कण फिल्टरच्या पुढच्या मार्गांत पडलेले असतात त्यांना फिल्टर अडवणार तरी कसा?

पानापेटी

हेड पुन्हा उतरवले. या वेळी आधी ब्लॉकचा प्लग काढला. गंजभेदक तेल दोन दिवस मुरवल्यावर तो निघाला आणि त्यातून दोन लिटरहून जास्त कूलंट आले. एवढे सगळे मागच्या वेळी हेड उचलताना आत होते.

गॅस्केट खरोखर निर्दोष निघाले. चारही सिलिंडरांभोवती दाबाचा ठसा सलग होता, फक्त सातव्या बोल्टाजवळ तो थोडा फिकट होता. मागची बाजू ब्रशने आणि स्पिरिटने स्वच्छ करून तड्यात शिरणारा लाल रंगाचा भेदक द्रव लावला, दहा मिनिटे थांबून पुसला आणि वरून तो द्रव शोषून तडा दाखवणारा पांढरा विकासक फवारला. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, गॅस्केटच्या पृष्ठभागाखाली 11 मिलिमीटरवर सुरू होऊन खाली गेलेली, एकूण लांबी 34 मिलिमीटर. भोकात बारीक कॅमेरा सोडला, तेव्हा आतून तीच रेघ आटे कापत तळापर्यंत गेलेली दिसली.

मग उरलेली नऊ भोके तपासली. लांब सुईच्या जागी पातळ नळी लावलेली सिरिंज तळापर्यंत घालून ओढली. पुढच्या रांगेतल्या पाचही भोकांत फक्त तेलाचा ओशटपणा होता. मागच्या रांगेतल्या आणखी तीन भोकांतून द्रव आला, प्रत्येकातून अर्ध्या ते एक मिलिलिटरपर्यंत. वर तेल आणि खाली कूलंट असे दोन थर सिरिंजमध्ये वेगळे दिसत होते. म्हणजे त्या तीन बोल्टांखाली थोडी मोकळी जागा उरलेली होती, म्हणून ते वाचले. सातव्या भोकाची खोली बोल्टच्या टोकापलीकडे इतरांपेक्षा कमी निघाली. तारेने मोजले तेव्हा फरक सुमारे 3 मिलिमीटरचा होता.

चेंबर उतरवून बेअरिंगही पाहिले. दोन तुकड्यांवर मंद डाग आहेत, चरे नाहीत. इंजिन एकूण अर्ध्या तासाहून जास्त चालले नव्हते, आणि इथे पहिल्याच प्रतिसादात थांबवले गेले, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

आता ब्लॉक दुरुस्त होण्याजोगा आहे का?

लेथवाला

बिडाचा तडा थंड पद्धतीने शिवता येतो. तड्याच्या रेषेवर एकमेकांत अडकणारी भोके पाडून त्यांत आटेदार पिना बसवतात, जोडाला उष्णता द्यावी लागत नाही, म्हणून ब्लॉक वाकत नाही. पाण्याच्या पोकळीच्या बाहेरच्या भिंतीला ही पद्धत उत्तम चालते आणि अशा दुरुस्त्या मी वर्षानुवर्षे टिकलेल्या पाहिल्या आहेत. वेल्डिंगचा विचार नको. बीड संपूर्ण तापवून अतिशय सावकाश थंड केले नाही, तर जोडाशेजारीच नवा तडा जातो.

तुमचा तडा मात्र बोल्टचे आटे कापत गेला आहे. तिथे शिवण टाकून, भोक मोठे करून, जाड भिंतीची आटेदार बुशी बसवावी लागेल, आणि ती बुशी त्याच शिवलेल्या भिंतीवर ताण देईल. दुर्मीळ इंजिन असते तर मी हा प्रयत्न केला असता. तुमचे इंजिन सहज मिळणारे आहे. तेव्हा तपासलेला दुसरा ब्लॉक घ्या. हेड, क्रँक आणि पिस्टन मोजून पाहा, ते बहुधा पुन्हा वापरता येतील.

मोजपट्टी

ब्लॉक बदलताना रेंचही तपासून घ्या. क्लिकच्या रेंचची अचूकता साधारण अधिक-उणे 4 टक्के धरतात आणि 5000 क्लिक किंवा 12 महिने, जे आधी होईल तेव्हा, तो पुन्हा प्रमाणित करायचा असतो. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग मोजपट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा. पुष्कळ जण खात्रीसाठी प्रत्येक बोल्टला दुसरा क्लिक घेतात. तोही घेऊ नये, त्याने बोल्ट थोडा आणखी फिरू शकतो.

पानापेटी

दुसरा ब्लॉक मिळाला, त्यात सिलिंडर मोजून घेतले, जुना क्रँक नव्या बेअरिंगवर बसवला आणि इंजिन बांधले. पूर्ण काम लिहीत नाही, फक्त बोल्टच्या भोकांचे लिहितो, कारण धागा त्याविषयीच आहे.

नवे आटे कापणारा टॅप वापरला नाही, कारण तो आट्यांचे धातूच कापून काढतो. जुन्या बोल्टला लांबीच्या दिशेने तीन खाचा पाडल्या आणि तो हाताने प्रत्येक भोकात तळापर्यंत फिरवून बाहेर काढला. खाचांमध्ये काळी माती आणि गंजाचा चुरा भरून आला. मग सिरिंज, मग डोळ्यांवर चष्मा लावून दाबाची हवा, मग पेन्सिलीएवढी कागदाची सुरळी तळाला टेकवून काढली. दहाही सुरळ्यांची टोके कोरडी आली तेव्हाच पुढे गेलो. तारेने दहा भोकांची खोली मोजून ब्लॉकवर खडूने लिहिली आणि बोल्टच्या लांबीशी ताडून पाहिली. सर्वांत उथळ भोकातही टोकाखाली 5 मिलिमीटर जागा उरत होती. तेल या वेळी बोटाने लावले, आट्यांवर आणि डोक्याखाली, आणि जास्तीचे कापडाने पुसले.

कोनाच्या दोन्ही टप्प्यांत मी प्रत्येक बोल्टला पाना एकाच गतीने, न थांबता फिरवला. सातव्यापाशी हात आपोआप सावध झाला होता. त्याचा जोर सहाव्यासारखाच वाढला, आणि आठव्याचाही तसाच.

थंड इंजिनावर 1 बार दाब भरून तासभर ठेवला, काटा हलला नाही. त्यानंतर इंजिन सुरू केले. पहिले तेल शंभर किलोमीटरवर काढून टाकले, ते स्वच्छ होते. आता एक हजार किलोमीटर झाले आहेत आणि टाकीतली पातळी मी मारलेल्या खुणेवर आहे.